६५ पेन्सचं गणित आणि आपली नव्वदी

इथे स्कॉटलंडात दुकानदाराला दारू मनाला येईल तितकी स्वस्त विकता येत नाही. कायदा २०१२चा, पण व्हिस्कीवाल्यांनी कोर्टात अडवून धरला, म्हणून अंमल १ मे २०१८ पासून. युनिटला किमान ५० पेन्स, ३० सप्टेंबर २०२४ पासून ६५.

एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. लिटरला टक्क्यांनी गुणलं की युनिटं निघतात. ७०० मिली, ४० टक्क्यांची व्हिस्की म्हणजे २८ युनिटं. १८ पौंड २० पेन्सच्या खाली विकायची नाही. खरा दणका स्वस्त सायडरला. साडेसात टक्क्यांची तीन लिटरची बाटली आता १४ पौंड ६३ पेन्सच्या आत मिळत नाही. पबला फरक नाही, तिथे आधीच महाग.

२०२३च्या सरकारी मूल्यमापनात निव्वळ दारूपायी होणारे मृत्यू, कायदा नसता तर झाले असते त्या अंदाजापेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी निघाले. मानलं! पण हा कर नाही, त्यामुळे वाढीव पैसा सरकारजमा न होता विक्रेत्याच्या आणि कंपनीच्या गल्ल्यात जातो. लोकांच्या यकृताच्या नावाने कायदा करायचा आणि कमाई सुपरमार्केटची! व्यसनमुक्ती केंद्राला त्यातला छदामही थेट मिळत नाही. शिवाय पक्का व्यसनी पोटाला चिमटा घेऊन बाटली आणतो, ते वेगळंच. आपल्याकडे निदान उत्पादन शुल्क तिजोरीत तरी पडतं.

मात्र आपला दर तिरपा आहे. महाराष्ट्रात २०२५च्या वाढीनंतर क्वार्टर (१८० मिली) देशी ८० रुपये, विदेशी किमान २०५. दोन्ही ४२.८ टक्के, म्हणजे ७.७ युनिटं. देशीत युनिट साधारण साडेदहा रुपयांना, विदेशीत साडेसव्वीसला. विदेशी परवडेना झाली की गडी देशीवर येतो, नव्वदी (९० मिली) मारतो, नशा तेवढीच.

मग देशीचाही दर चढवावा? जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेत चालेल. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाची आहे, नाल्याकाठी गूळ-नवसागराची हातभट्टी आहे. तिला ना लेबल, ना टक्केवारी. युनिट मोजायचं कशावर? इथे स्कॉटलंडातले लोक स्वस्त दारूला इंग्लंडात जातील अशी भीती होती. आपल्याकडे पलीकडे दारूबंदीचा गुजरात, आणि नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं त्यांच्या हद्दीत!

आपल्याकडच्या आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायच्या मतदानातल्या चिन्हाला, मात्र इथे तोड नाही. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. पण ते मत परवान्याच्या दुकानालाच लागू. भट्टी उठवायला पोलीस किंवा उत्पादन शुल्कवालेच लागतात.