मावशी : नाते सिद्ध नाही

जिल्हा बालसंरक्षण कक्षात माझ्या पदाचे नाव 'संरक्षण अधिकारी (संस्थाबाह्य काळजी)' असे आहे. पद कंत्राटी आहे आणि बालगृहातल्या मुलांसाठी बालगृहाबाहेर घर शोधणे हे काम आहे. घर म्हटले की लोकांना दत्तक एवढाच मार्ग आठवतो. परंतु आई किंवा वडील हयात आहेत, ते मुलाला सांभाळत नाहीत आणि कायदेशीररीत्या हक्कही सोडत नाहीत, अशी मुले दत्तकासाठी सहसा मोकळी होत नाहीत, आणि माझ्या कपाटातल्या बहुतेक फाईली अशाच मुलांच्या आहेत. त्यांच्यासाठी बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 मध्ये प्रतिपालकत्वाची (फॉस्टर केअर), म्हणजे दत्तक न देता दुसऱ्या कुटुंबात ठेवून सांभाळण्याची, तरतूद आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या योजनेतून त्यासाठी महिना 4,000 रुपये मिळतात. कागदावर सगळे आहे. परक्या घराचे दार चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी उघडणे हे मात्र वर्षातून एखाद्या वेळीच घडते, आणि त्या मुलाविषयी 'थोडे वेगळे आहे' एवढी कुजबुज झाली तर तेही घडत नाही.

किरण हे खरे नाव नाही. त्याच कायद्याचे कलम 74 मुलाची ओळख उघड करू देत नाही, म्हणून मी गावाचे नावही सांगणार नाही, द्राक्ष-बेदाण्याचा पट्टा एवढे पुरे. हे नाव मुलाचेही असते आणि मुलीचेही, म्हणून निवडले. फाईलमध्ये किरण 'तो' आहे. इथे मी 'ती' लिहिणार आहे, कारण तिने तसे सांगितले होते.

2022 मध्ये ती बारा वर्षांची असताना रेल्वेच्या फलाटावर सापडली. रेल्वे पोलीस, मग 1098 ही मुलांची हेल्पलाइन, मग बालकल्याण समिती आणि शेवटी मुलांचे बालगृह, असा नेहमीचा प्रवास झाला. आई वर्षापूर्वी वारली होती. वडिलांनी दुसऱ्या जिल्ह्यात दुसरा संसार मांडला होता. 'सध्या सांभाळण्यास असमर्थ' असे त्यांनी लिहून दिले, हक्क मात्र सोडला नाही. सामाजिक तपासणी अहवाल मीच लिहिला. त्यात एक वाक्य होते : 'मुलाचे हावभाव मुलींसारखे आहेत, समुपदेशनाची आवश्यकता आहे.'

ते वाक्य मी वाईट हेतूने लिहिले नव्हते. रात्री मोठ्या मुलांच्या दालनात तिचे काय होईल याची मला धास्ती होती, आणि समुपदेशकाची भेट मिळवायची तर कागदावर कारण लागते. परंतु सरकारी फाईलमध्ये एकदा शिरलेले वाक्य मरत नाही. वैयक्तिक काळजी आराखड्यात ते जसेच्या तसे उतरले, पहिल्या प्रगती अहवालात 'हावभावांबाबत समुपदेशन सुरू' असे झाले, आणि तिसऱ्या अहवालापर्यंत त्याची 'वर्तनविषयक समस्या' झाली. यात कोणी खोटे लिहिले नाही. प्रत्येकाने फक्त आधीच्याचा सारांश काढला.

पहिले घर एका निमशासकीय कर्मचाऱ्याचे होते. जोडपे निपुत्रिक, दोन खोल्या, नळाचे पाणी, सज्जन शेजार. गृहचौकशी अहवालाच्या नमुन्यात खोल्या, शौचालय, उत्पन्न, वैद्यकीय दाखला, पोलीस पडताळणी असे रकाने असतात, आणि ते भरायला अर्धा तासही लागत नाही. उरलेल्या वेळात मी जे पाहते ते नमुन्यात नाही. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे का? आरसा कुठे टांगला आहे, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर की कोपऱ्यात, जिथे एखाद्या मुलाला एकट्याने दोन मिनिटे उभे राहता येईल? मुलाचे गुपित तर फोडायचे नाही, आणि घराची तयारी तर जोखायची, अशा वेळी सरळ प्रश्न निरुपयोगी असतो. म्हणून मी बोलता बोलता विचारते की रेल्वेत टाळ्या वाजवत येणाऱ्या तृतीयपंथीयांना तुम्ही पैसे देता का. देतात की नाही याला महत्त्व नाही. ते त्याविषयी कसे बोलतात, बोलताना बायको नवऱ्याकडे पाहते का, कोणी हसते का, यावरून पुष्कळ कळते. हा प्रश्न मी स्वतः शोधून काढला आहे आणि मला त्याचा थोडा गर्व आहे.

त्या गृहस्थांनी उत्तर दिले, ''देतो हो, उगाच शाप कशाला.'' मी शेऱ्यात 'दृष्टिकोन सहानुभूतीपूर्ण' असे लिहिले. आता ते वाचवत नाही. दुसऱ्या रविवारच्या भेटीनंतर बाईंनी फोन करून सांगितले की मुलगा गुणी आहे, आमच्याकडे आला की सुधारेल, पण त्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. फाईल त्यांनी पाहिलेली नव्हती. 'वर्तनविषयक समस्या' हे शब्द मात्र त्यांना ठाऊक होते. बालगृहातून ते कोणी सांगितले हे मी शोधून काढले नाही, आणि शोधले असते तरी काही निष्पन्न झाले नसते. दुसरे घर मामाचे होते. त्याने महिना किती मिळतात हे विचारून घेतले आणि मग म्हणाला, ''तसलंच असंल तर देवीला सोडू, तिकडं खपतं.'' तो अहवाल मी एका पानात संपवला.

2025 च्या जानेवारीत मी फाईल पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतली. पहिल्या रात्रीच्या जबाबात किरणचे एकच मागणे होते : 'मावशीकडे जायचे आहे.' समासात माझ्याच अक्षरात शेरा होता : 'आईला बहीण नाही. पडताळणी केली. मावशी – नाते सिद्ध नाही.' ज्या भाषेत भाजीवालीला, कामवालीला, एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही आपण मावशी म्हणतो, त्या भाषेत जन्म काढलेल्या मी बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडच्या 'मावशी'चा अर्थ रेशनकार्डावर शोधला होता.

दुसऱ्या दिवशी बालगृहाच्या व्हरांड्यात मी किरणला मावशीविषयी विचारले. उत्तराआधी तिने वेगळेच काही सांगितले. ''मॅडम, अहवालात 'तो'च लिहा, नाहीतर इथं मला त्रास होईल. पण बोलताना 'ती' म्हणाल?'' मी हो म्हटले. आजवर असे कोणी म्हणाले आहे का, असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. ''तसं कुणी नाही. पण मावशी 'लेकरू आलं, लेकरू जेवलं, लेकरू झोपलं' असं म्हणायची. ती मला मुलगा समजते की मुलगी, ते मला कधी कळलंच नाही.''

मावशी आईबरोबर बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाई, एवढाच धागा होता. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असतो; त्या वेळी शेडमध्ये बायका ओळीने बसून रंग आणि आकार पाहून बेदाणा निवडतात, आणि कोण कुठल्या गावाहून येते हे सरकारी नोंदीत कुठेही नसले तरी मुकादमाच्या वहीत असते. मी मार्चमध्ये चार शेड पालथ्या घातल्या. पाचव्या ठिकाणी मुकादमाने किरणच्या आईचे नाव ऐकताच मागे वळून हाक मारली. पन्नाशी उलटलेली एक विधवा बाई चिकट हात पदराला पुसत आली, आणि मी कोण, कुठून आले हे न विचारता तिने पहिला प्रश्न केला : ''आमचं किरण जितं हाय न्हवं?''

तिचे घर दीड खोलीचे, वर पत्रे. दोन शेळ्या. न्हाणीला दार नव्हते, जाडसर पडदा होता. ती अट मी लेखी घातली आणि पुढच्या भेटीपर्यंत दार आणि कडी दोन्ही बसले. रेल्वेतला प्रश्न विचारल्यावर ती म्हणाली की त्यांतली एक आमच्याच गावची आहे, मिरजेपर्यंत गप्पा मारत येते, पैशाचे काही नसते. पूर्वी हे प्रकरण इथेच संपले असते, कारण एकट्या बाईला प्रतिपालक होता येत नव्हते. 2024 च्या आदर्श मार्गदर्शक सूचनांनी 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही ती मुभा दिली. एकट्या बाईकडे मुलगा किंवा मुलगी कोणीही देता येते, एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगाच. हे वाचताना किरणसारख्या लेकरासाठी कोणता नियम लावायचा असा प्रश्न मला पडला होता. सुदैवाने या प्रकरणात त्याचे उत्तर द्यावे लागले नाही.

बालकल्याण समितीसमोर सुनावणीची पहिली तारीख वाया गेली. अंतिम आदेशाला किमान तीन सदस्य हजर लागतात, आणि त्या दिवशी दोघेच होते. कायद्याने समितीने महिन्यात किमान वीस दिवस बसायचे असते. ते वाक्य वाचून दाखवायचा मोह मी आवरला. मावशींची दिवसाची मजुरी बुडाली, एस्टीचे भाडे गेले, आणि पुढच्या तारखेला त्या पुन्हा सकाळी नऊ वाजता पायरीवर बसलेल्या होत्या.

त्या दिवशी एका सदस्यांनी फाईल उघडली आणि माझे वाक्य, मावशींच्या आणि किरणच्या समोर, मोठ्याने वाचले. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, ''बाई, हे तुम्हाला माहीत आहे का?'' मावशी जरा वेळ थांबल्या. ''माझी धुतलेली लुगडी तेच घडी घालून ठेवायचं, साहेब. घडी कधी मोडली न्हाई.'' शेजारीपाजारी काय म्हणतील, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ''बावीस वर्सं विधवा हाय. त्यांचं म्हणून झालंय सगळं.''

दुसऱ्या सदस्यांचे मत पडले की अशा मुलांसाठी वेगळ्या संस्था असतात, तिथे पाठवणे सोयीचे. सभ्य, अभ्यासू गृहस्थ आहेत, मनात द्वेष नाही. परंतु 'सोयीचे' हा शब्द कोणाच्या सोयीसाठी वापरला जातो हे त्यांना अद्याप उमगलेले नाही. मी सांगितले की गरिमा गृह ही निवाऱ्याची योजना अठरा वर्षांवरील तृतीयपंथी व्यक्तींसाठी आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठीच्या 2019 च्या कायद्याचे कलम 12 मूल तृतीयपंथी आहे एवढ्याच कारणावरून, न्यायालयाच्या आदेशाशिवाय, त्याला आईबापांपासून तोडू देत नाही. मग ज्या मुलाला सांभाळणारे आईबापच उरले नाहीत, त्याला सांभाळायला आलेल्या एकमेव माणसापासून आपण का तोडावे? हे बोलताना माझा आवाज चढला. अध्यक्षांनी मला बसायला सांगितले, आणि ते योग्यच होते.

मग त्यांनी किरणला विचारले, ''बाळ, तुला नक्की काय व्हायचंय?'' त्यांना काय विचारायचे होते ते दालनात सगळ्यांना कळले. किरण म्हणाली, ''दहावी पास.'' अध्यक्ष हसले आणि लिहायला लागले.

आदेश एक वर्षाचा झाला, नंतर फेरविचार. सही होत असताना मावशी सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, ''मी आल्ते की दोनदा हितं, त्यावर्सी. आत सोडलं न्हाई.'' दालनात त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. माझेही लक्ष बसच्या वेळेकडे होते.

तेव्हापासून मी तीन भेटी दिल्या आहेत. किरणने केस वाढवले आहेत, शाळेत ती अजून 'तो' आहे, दहावीच्या अर्जावरही तेच नाव गेले. माझे मूळ वाक्य फाईलमध्ये आहे तिथेच आहे. दाखल झालेला कागद काढता येत नाही, म्हणून मी पुरवणी अहवाल जोडला आहे, आणि पुढचा अधिकारी आधी कोणता वाचेल हे मला सांगता येणार नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी त्या बालगृहात गेले असताना मी भेटीची जुनी नोंदवही मागवून घेतली. 2022 च्या दिवाळीआधीच्या रविवारी मावशींचे नाव आहे, नात्याच्या रकान्यात 'मावशी', आणि पुढे शेरा : 'नाते सिद्ध नाही. भेट नाकारली.' शब्द माझेच होते; रखवालदाराने फाटकावर लावलेल्या यादीतून उतरवले असावेत, आणि ती यादी माझ्या अहवालावरून झालेली होती. दोन आठवड्यांनंतरच्या नोंदीतही तेच शब्द आहेत. त्याखाली वेगळ्या पेनाने एक ओळ जास्त आहे : 'करंज्यांचा डबा आणला होता. परत दिला.'