कासान आणि केमेमलीक एकाच कर्नलमध्ये: माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात एका सेन्सरच्या लिनक्स ड्रायव्हरने तीन आठवडे माझी झोप उडवली होती. ड्रायव्हरचं मॉड्यूल शंभरेक वेळा लोड-अनलोड केलं की कधीतरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, कोसळायचा. ऊप्समध्ये (कर्नलच्या त्रुटी-अहवालात) पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याच्या, जागी ‘सिक्स-बी सिक्स-बी’ अशी रांग दिसायची. स्लबचं (कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या यंत्रणेचं) डिबगिंग चालू असताना सोडलेल्या मेमरीत हीच खूण भरली जाते. म्हणजे सोडलेली मेमरी कुणीतरी वाचत होतं. कोण, ते कळेना.

हाताला लागेल ते साधन चालू करायला गेलो. केएमसॅन (मूल्य न भरलेली मेमरी वापरली की पकडणारं) आणि कासान (सोडलेल्या किंवा हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लागला की पकडणारं) एकत्र निवडताच येत नाहीत, कर्नलचं कॉन्फिगच अडवतं. कासान ठेवलं. ते दर ८ बाइटांमागे १ बाइट शॅडो मेमरी घेतं, कोणती मेमरी वापरता येते याची नोंद ठेवायला. आमच्या ५१२ एमबीच्या बोर्डावर त्यातच ६४ एमबी गेली. जोडीला गळती, म्हणजे सोडायची राहून गेलेली मेमरी, शोधणारं केमेमलीक लावलं आणि दोन दिवस ‘गळती नाही’ असं समजून चाललो. खरं तर बूट होतानाच त्याचा मेमरी पूल संपला होता आणि ते स्वतःहून बंद पडलं होतं. लॉगमधली ती एक ओळ माझ्या नजरेतून सुटली. पूल १६००० नोंदींवरून ४०००० केला, तेव्हा ते चालू राहिलं.

एक शंका मात्र छळत होती. केमेमलीक पॉइंटर शोधत सगळी मेमरी चाळतं, मग कासानच्या रेडझोनला (वाटलेल्या मेमरीभोवतीच्या निषिद्ध पट्ट्याला) हात लागून खोटा गजर होणार नाही का? केमेमलीकचा सोर्स उघडला. स्कॅन करताना ते तेवढ्यापुरती कासानची तपासणी थांबवतं. ज्याने हे आधीच ओळखून लिहिलं, त्याचे मनोमन आभार मानले.

अखेर कासानचा रिपोर्ट आला, पण टायमरच्या कोडमधून. आमच्या ड्रायव्हरचं नाव वरच्या स्टॅकमध्ये (फंक्शन कॉलच्या यादीत) कुठेच नाही. ते खाली सापडलं, ‘मेमरी कुणी सोडली’ या स्टॅकमध्ये: ड्रायव्हर काढताना चालणारं आमचंच रिमूव्ह फंक्शन. मोजणीनंतर दोन सेकंदांनी एकदाच चालणारं डिलेड वर्क (लांबणीवर टाकलेलं काम) अजून वाट पाहत असतानाच आम्ही त्याचं स्ट्रक्चर सोडत होतो.

सहकारी म्हणाला, “तो केफ्रीच काढून टाक ना.” केफ्री म्हणजे मेमरी सोडणारा कॉल. काढला. कासान गप्प झालं, लोड-अनलोडची रात्र सुरळीत गेली, आणि मीही ते जवळजवळ स्वीकारलं होतं. सकाळी केमेमलीकला लागोपाठ दोनदा स्कॅन करायला लावलं, तर तेच स्ट्रक्चर दर अनलोडमागे एकेक, शेकड्यांनी पडलेलं. कासान एकटं असतं, तर ही गळती आम्ही दुरुस्ती म्हणून पाठवली असती.

केफ्री परत आणला आणि त्याच्या आधी डिलेड वर्क रद्द करून ते संपेपर्यंत थांबणारी एक ओळ टाकली. मग तीन रात्री सलग चाचणी चालवली, कासानची मल्टी-शॉट सोय चालू ठेवून. एरवी ते पहिलाच रिपोर्ट देऊन थांबतं. लॉग रिकामा राहिला. ग्राहकाकडे जाणाऱ्या बोर्डांवर आता केफेन्स हे मेमरीच्या चुका नमुन्यादाखल तपासणारं हलकं साधन आहे: २ एमबीचा पूल, साधारण दर १०० मिलिसेकंदांनी एका वाटपाची तपासणी.