सरांनी डांगरी घातली

परवा इथं जर्मनीत, आमच्या कंपनीत एक सर आले. स्टुटगार्टजवळच्या व्यवसाय-शाळेत शिकवतात, वय पंचावन्नच्या पुढं. आमच्याकडची शिकाऊ पोरं आठवड्यातले एक-दोन दिवस त्यांच्याच वर्गात असतात. मला वाटलं, पोरांची चौकशी करायला आले असतील. तर सरांनी पिशवीतून डांगरी काढून चढवली, बूट बदलले आणि धातू कापणाऱ्या नव्या फाइव्ह-ॲक्सिस सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनपाशी जाऊन उभे राहिले. शिकवणारा होता त्यांचाच जुना विद्यार्थी.

पहिल्याच दिवशी सरांचा टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराचं मशीनला द्यायचं माप, चुकला. पोरानं मशीन थांबवली, चूक दाखवली. सरांनी ती वहीत लिहून घेतली, ऑफसेट पुन्हा टाकला. कुणी हसलं नाही. आठवडाभर ते असे आले. मी लांबून बघत होतो आणि घसा दाटून येत होता.

लातूर जिल्ह्यातल्या एका आयटीआयत मी नऊ वर्षं फिटरचा निदेशक, म्हणजे शिकवणारा सर, होतो. एकदा सीएनसीच्या प्रशिक्षणाला गेलो. पाच दिवस हॉल, पडदा, सह्या, प्रमाणपत्र. मशीन काचेपलीकडं उभी होती. हात लावायचा नाही, बिघडली तर जबाबदार कोण? परत येऊन पोरांना मी ती फळ्यावर काढून दाखवली. ते अजून टोचतं.

म्हणून आमचे सर कमी आहेत असं कुणी म्हणू नये. ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावला आणि फटीतून उजेड दिसला की जॉब परत करणारे सर मी पाहिलेत. इथली पोरंही सुरुवातीला कानसच घासतात. इथं माइस्टर, म्हणजे आपल्या धंद्यातला परीक्षा पास उस्ताद, व्हायचं तर चार भागांच्या परीक्षेतला एक भाग शिकवण्याचा असतो, हे खरं. पण निदेशकांना घडवणारा आपला सीआयटीएस कोर्सही अख्ख्या वर्षाचा आहे, आणि चांगला आहे. पुढच्या पंचवीस वर्षांचं काय? वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहती मराठवाड्यातच आहेत, संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. दरवर्षी दहा दिवस निदेशकाला तिथं मशीनवर उभं करायला काय लागतं?

पैशासाठी गेला म्हणतात मला. घरावर कर्ज होतं, ते खरंच आहे. पण मशीनला हात लावायला मिळावा, हेही तितकंच खरं होतं.

रात्री जुन्या सहकारी सरांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो ऑफसेट कसा टाकला, ते सावकाश सांग. वही घेतो."