वेगळे काढलेले मोदक

गणेशचतुर्थी, रात्र.

दुपारी शेजारच्या काकू मोदकांचा डबा घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "अगं, नैवेद्याचे नाहीत हं हे, तुझ्यासाठी आधीच वेगळे काढून ठेवले होते." मी डबा घेतला, त्यांना बसायला सांगितले, पण घरी पाहुणे असल्यामुळे त्या लगेच गेल्या. घडले ते एवढेच, तरी ते वाक्य मनातून जात नाही.

प्रथम वाईट वाटले ते स्वतःबद्दल. मजल्यावरच्या सगळ्या घरी डबे गेले असतील आणि त्यांतला वेगळा फक्त आमचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे आमच्या दारापाशी आले की बोलावणारीचा आवाज जरा खाली येतो, हेही आठवले. आम्ही ख्रिस्ती, मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खात नाही. आजोबांनी शिकवलेले "आमच्यात चालत नाही" हे वाक्य मी आयुष्यभर इतके वापरले आहे, की आता ते मला म्हणावेही लागत नाही; लोकच माझ्या वतीने म्हणून टाकतात. वीस वर्षांच्या शेजारात माझ्या विश्वासाबद्दल काकूंना नक्की काय ठाऊक झाले असेल? मी काय खात नाही, एवढेच ना?

संध्याकाळी झाकण उघडले. हळदीच्या पानावर पाच मोदक होते आणि त्यांतल्या एकाची कळी चुरगळलेली होती, कारण हल्ली काकूंची बोटे वळत नाहीत. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाकातले काहीही बाजूला काढायचे नाही, हा त्यांच्या घरचा दंडक आहे. माझा नियम पाळला जावा म्हणून त्यांनी स्वतःचा मोडला होता.

बायबलमधल्या पत्रात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी जे लिहिले, ते आम्ही रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खा, पण हे वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर खाऊ नका. आणि ते स्वतःच्या नव्हे, तर सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी. मी त्यातले "खाऊ नका" तेवढे उचलले. दुसऱ्याच्या मनाची काळजी घेण्याचा भाग आज काकूंनी पाळला, आणि त्यांनी तर ते पत्र कधी वाचलेलेही नाही.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. ज्यांनी त्यांना जवळ केले त्यांच्यासारखे ताट करणे त्यांना आवश्यक वाटले नाही. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना आणून त्यांनी आसरा दिला. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनचे नाव काढले की आजही लोकांना त्या मुली आठवतात. ही गोष्ट मी स्वतः मुलांना कितीदा सांगितली आहे.

"ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका" हे पौलाच्याच रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातले दुसरे वचन माझे तोंडपाठ आहे. आज तो अध्याय शेवटपर्यंत वाचला. पंधराव्या वचनात आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असे सांगितले आहे. तेथेच थांबले.

तीन वर्षांपूर्वी काका गेले तेव्हा दहाव्याला मी गेले नाही. तेथे विधी असतात, आपण जाऊन काय करणार, असे मी घरात म्हटले होते. घाटाच्या पायरीवर नुसते काकूंशेजारी बसता आले असते, हे मला सुचले नाही, किंवा मी सुचू दिले नाही. आईच्या वेळी मात्र काकू चर्चमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत होत्या. डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या आणि सगळे उभे राहिले की उभ्या राहत होत्या. नंतर दफनभूमीतही आल्या, मूठभर माती टाकली. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही.

चांगुलपणात त्या माझ्या पुढे आहेत, हे मान्य करायला संध्याकाळी जड गेले. आता तितके जात नाही. प्रार्थना करून मोदक खाल्ले, चुरगळलेला आधी.

डबा घासून ओट्यावर पालथा घातला आहे. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून सकाळी नारळाच्या वड्या करीन, काकूंना आवडतात. दहाव्याचे बोलायचे आहे, पण सुरुवात कशी करावी ते अजून जुळत नाही.