व्हर्जिनियाची पहिली महिला गव्हर्नर

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचे पहिले गव्हर्नर पॅट्रिक हेन्री, साल १७७६. तेव्हापासून राजधानी रिचमंडमधल्या त्या खुर्चीवर पुरुषच बसत आले. ४ नोव्हेंबर २०२५ ला इथल्या मतदारांनी ॲबिगेल स्पॅनबर्गर यांना निवडून दिलं, तेही जवळपास पंधरा टक्के मतांच्या फरकाने.

इथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. लोक त्याला थेट निवडतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो, मुख्यमंत्र्यासारखा. व्हर्जिनियात सलग दुसऱ्यांदा मात्र गव्हर्नर होता येत नाही. हाती चारच वर्षं.

मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट निकालाच्या कितीतरी आधी घडली होती. स्पॅनबर्गर यांच्यासमोर रिपब्लिकन पक्षाच्या विन्सम अर्ल-सीअर्स होत्या: जन्म जमैकाचा, मरीन दलात नोकरी, तेव्हाच्या लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर. कोणीही जिंकलं तरी बाईच गव्हर्नर होणार! त्यामुळे ‘बाईला जमेल का’ हा प्रश्न प्रचारात उरलाच नाही. १९९३ मध्ये मेरी सू टेरी याच पदासाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या, त्यानंतर इथवर यायला बत्तीस वर्षं लागली.

मग लोक बोलले ते पोटापाण्याबद्दल. ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं. आमच्या उत्तर व्हर्जिनियात घरटी नाही, पण गल्लीगणिक एखादा तरी सरकारी नोकर सापडतो, आणि त्यांचे पगार अडकले होते. इथल्या लाउडन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, वीज खाणारी डेटा सेंटरं इतकी झालीत की विजेचं बिल हा निवडणुकीचा मुद्दा झाला. स्पॅनबर्गर सीआयए या गुप्तचर संस्थेच्या माजी अधिकारी, तीनदा काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आलेल्या. तरी प्रचारात त्यांनी महागाईच लावून धरली. ते मला फार पटलं.

त्याच दिवशी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून गझाला हाश्मी निवडून आल्या. त्यांचा जन्म हैदराबादचा, लहानपणीच इकडे आलेल्या. आम्हा भारतीयांच्या घरांत त्या रात्री हे नावही तितक्याच कौतुकाने घेतलं गेलं.

आणि मला महाराष्ट्र आठवत राहिला. शेजारी गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ मध्येच मुख्यमंत्री झाल्या. आपल्याकडे १९६० पासून आजवर एकही नाही. कर्तबगार बायकांची वाण आपल्याला कधीच नव्हती. दोन मोठे पक्ष समोरासमोर दोन बायकांना मुख्यमंत्रिपदासाठी उभं करतील, अशी निवडणूक मला महाराष्ट्रात बघायची आहे.