अमृतमहोत्सवाची भिंत आणि एका नोंदवहीसाठी सात हेलपाटे

मिलिंद महाविद्यालयाला 2025 मध्ये 75 वर्षं झाली. आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं, सत्कार आणि भाषणं होतीलच, आपण एक भिंत करू. सुरुवातीच्या वर्षांत इथे शिकलेल्या मुलामुलींची नावं, गावं, मिळाले तर फोटो. बाबासाहेबांनी 1950 च्या जूनमध्ये औरंगाबादेत हे कॉलेज काढलं ते ज्यांच्यासाठी, ती माणसं भिंतीवर दिसली पाहिजेत, एवढंच मनात होतं.

वर्गणी, मांडव, पत्रिका हे पंधरा दिवसांत उरकलं. अडकलो ते नावांवर.

माझे वडील 1951 मध्ये दाखल झाले. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. वडील ते सांगायचे तेव्हा आवाज बदलायचा त्यांचा. त्यांचे एक सहाध्यायी अजून आहेत. ते म्हणाले, "पोरी, आम्हाला शिष्यवृत्ती मिळायची, सह्या करून. ती वही सरकारात असणार." वही कुठल्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गेली, तेही त्यांनीच शोधून दिलं. त्या कार्यालयाचं नाव मी घेत नाही.

पहिल्या दिवशी नकलेसाठी साधा अर्ज दिला. खिडकीवरचे म्हणाले, "ताई, संचिका क्रमांक टाका, मग शोधतो."

"क्रमांक कुठे मिळेल?"

"आमच्या सूचीत."

"मग सूची दाखवा ना."

"ती बाहेरच्यांना दाखवत नाही."

इथेच चार महिने गेले. दुसऱ्या खेपेला ज्यांच्याकडे किल्ली ते रजेवर. तिसऱ्या खेपेला अर्ज सापडेना, माझ्याकडे पोच नव्हती. (पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही बघून घ्या.) चौथ्या खेपेला नवे साहेब म्हणाले, "एवढं जुनं काढून काय करणार?" मी भिंतीचं सांगितलं. ते म्हणाले, "कार्यक्रमच आहे ना, नावं नसली तरी होईल." मी काही बोलले नाही, पण परत येताना बसमध्ये मला रडू आलं. पाचव्या खेपेला पुन्हा संचिका क्रमांक.

मार्ग दाखवला तो निवृत्त झालेल्या एका लिपिकांनी. म्हणाले, "नक्कल मागू नका, पाहणी मागा." माहितीच्या अधिकारात कागदाची प्रत मागता येते तसा कागद समोर बसून पाहताही येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, म्हणून बाबासाहेब, कॉलेज, भिंत सगळं गाळलं आणि लिहिलं: अमुक वर्षांच्या शिष्यवृत्ती नोंदवह्या व त्यांची सूची यांची पाहणी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं.

एक राहिलं. तुमच्या घरातलं कुणी 1958 च्या आधी मराठवाड्यात शिकलं असेल, तर पदवीची चौकशी इथल्या मराठवाडा विद्यापीठात करू नका. ते 23 ऑगस्ट 1958 ला स्थापन झालं. त्याआधी आपली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. वडिलांच्या बी.ए.च्या कागदावर उस्मानियाच आहे. या एका गोष्टीपायी आमच्या गटातल्या दोघांचे दोन-दोन महिने वाया गेले.

सातव्या खेपेला टेबलावर रुमाल आला, म्हणजे लाल फडक्यात बांधलेला दप्तराचा गठ्ठा. गाठ सोडली तशी धूळ उडाली. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. मला पाऊण तास लागला. पान पिवळं, कडा कुरतडलेल्या. नाव, गाव, रक्कम, सही. वडिलांचं नाव सापडलं. सही अगदी जपून केलेली, प्रत्येक अक्षर सुटं. शेजारी पालकांच्या रकान्यात निळ्या शाईचा अंगठा. आजोबांचा. गावकीची कामं करणारा तो माणूस त्या दिवशी मुलाबरोबर शहरात आला होता, हे मला आमच्या घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी बोट त्या अंगठ्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

त्या वहीत वडिलांसारखी आणखी 43 नावं निघाली. त्यातल्या सोळा घरांपर्यंत आम्ही पोचलो.

प्रतीला पानाला दोन रुपये पडले. पण झेरॉक्समध्ये अंगठा नुसता काळा डाग येतो. रेषा दिसत नाहीत. म्हणून पाहणीच्या अर्जातच मोबाइलवर फोटो घेऊ देण्याची विनंती लिहून ठेवा. मी तिथेच कोऱ्या कागदावर लिहून दिली आणि साहेबांनी, चौथ्या खेपेच्याच साहेबांनी, सही केली. भिंतीवर तोच फोटो लावला, मोठा करून, रेषा दिसतील एवढा.