मिरग, दोडका आणि सुईदोरा

शिवणकामाचे नमुने बघायला मोबाईल उघडला आणि 'ऋतू' असं शोधलं की ठरलेली चित्रं समोर येतात, नारिंगी मेपलचं पान, गोल गरगरीत भोपळा, बर्फाचा कण, ट्युलिपची रांग. टेबलरनरवर तेच, कुशनवर तेच, भिंतीला लटकवायच्या रिंगमध्येही तेच. त्यात त्या लोकांची काही चूक नाही बरं का, त्यांनी त्यांच्या अंगणात जे दिसलं ते शिवलं. पण इथं बेळगावात, टिळकवाडीत पंख्याखाली बसून, बाहेर भाजीवाली रताळी घ्या म्हणून ओरडत असताना, जन्मात न बघितलेल्या झाडाचं पान तीन छटांत भरत बसायचं, याची मला जरा गंमतच वाटते. नोव्हेंबरात आमच्याकडं पानं गळत नाहीत हो, भात कापायला येतं.

आणि आमच्याकडं म्हणजे तरी कुठं? एकाच बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबीकडं गेलात तर जुलैत चार दिवस सूर्य दिसत नाही, तिथंच मलप्रभा उगम पावते, आणि तिकडं सौंदत्ती, अथणीकडं गेलात तर त्याच जुलैत लोक आभाळाकडं बघत बसलेले. इकडं लाल माती, भात, करवंदाच्या जाळ्या, तिकडं काळी माती आणि थंडीतला जोंधळा. आमच्या घरात एक सून खानापूरकडची आणि एक अथणीकडची आहे, दोघींना 'पावसाळा' म्हणून एकेक रुमाल भरायला दिला तर दोन वेगळ्या देशांतले वाटतील. म्हणून चार ऋतूंचे चार चौकोन करायचे हा नाद मी सोडून दिला. त्यापेक्षा परड्यात आणि शेताच्या बांधावर त्या त्या आठवड्यात जे चाललंय ते शिवायचं, मोठ्ठं काही नाही, एक वीतभर कापड घेऊन.

सुरुवात मिरगापासून. 7 जूनच्या आसपास मृग लागतो आणि पहिला दमदार पाऊस झाला की लाल मखमली किडे जमिनीवर येतात, ते लहानपणी सगळ्यांनी काडेपेटीत घालून ठेवलेत. त्याचं पिनकुशन करायला फार सुंदर होतं, कारण मुळात तो जीवच मखमलीचा आहे, आपल्याला वेगळं काही सोंग करावं लागत नाही. किडा म्हणतात खरं पण पाय मोजा, आठ आहेत, म्हणजे तो कोळ्याच्या भाऊबंदांतला. पाठीवर मध्ये मध्ये खळगे असतात ते आतून टाका ओढून आणायचे. मखमल कापताना लव एका दिशेला ठेवायची, नाहीतर अर्धा किडा लाल आणि अर्धा मरून दिसतो. आत भुसा भरायचा का कापूस यावर प्रत्येकीचं वेगळं मत आहे, माझं मत सुताराकडचा बारीक कोरडा भुसा, त्यात सुई घट्ट बसते. फक्त पावसाळ्यात ते पिनकुशन उघड्यावर ठेवू नका. आमच्या हवेत जून ते सप्टेंबर सुया गंजतात, कापसात टोचलेल्या तर आधी. फलाणीच्या तुकड्याला मशीनचं तेल चोळायचं, त्यात सुया खोचून गुंडाळी डब्यात टाकायची. जुन्या बायका सुई हातातली काम सोडताना डोक्यात, केसांत फिरवायच्या, ते उगीच नाही, तेलाचा हात लागायचा तिला.

आता मिरगाच्या शेताकडं बघा. बेळगाव भागात बरंचसं भात कुरीनं, म्हणजे पाभरीनं, पेरतात, लावण सगळीकडं नसते. त्यामुळं उगवून आलं की लाल रानात हिरव्या बारीक रेघा दिसतात, सरळ, एकमेकीला न चिकटता, बांधापाशी येऊन थांबलेल्या. हे भरायला नुसता धावदोरा पुरतो. विटकरी रंगाचं सुती कापड, दोन पदरी पोपटी दोरा, बस्स. अँकरच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात, सहाच्या सहा ओवून भरलं तर ते पीक ऑगस्टातलं दिसतं, जूनचं हवं असेल तर दोनच पदर घ्यायचे. या एका कापडावर मला जेवढी दाद मिळाली तेवढी कुठल्या भरगच्च गुलाबाला मिळाली नाही, आणि दाद देणारे सगळे शेतकरी, शिवणकामातलं ओ का ठो न कळणारे. एक काका तर म्हणाले, "कुरी जरा वाकडी गेलीय बघ हितं." गेली होती खरंच, कारण ज्या शेताचा फोटो बघून भरलं तिथं गेलेलीच होती!

कसुती भरतकामाचं म्हणाल तर ती आपल्या शेजारची, धारवाडची, आणि तिचा हिशोबच निराळा. कापडावर चित्र काढायचं नाही, ताण्याबाण्याचे धागे मोजत जायचं, गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगी हे टाके नीट घातले तर उलटसुलट दोन्हीकडून सारखे दिसतात, त्याशिवाय नेयगी आणि मेंथी. काळ्या चंद्रकळेवर, इरकलीच्या पदरावर गोपुर, पालखी, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन हे सगळं याच चार टाक्यांत. पण यात सगळ्या रेघा सरळ नाहीतर तिरप्या, गोलाई नाही. म्हणजे वृंदावन झकास येतं आणि त्यातली तुळस पायऱ्यापायऱ्यांची येते. भाताची लोंबी वाकली पाहिजे, ती कसुतीत वाकत नाही, ताठ उभी राहते, टच्च भरलेली लोंबी ताठ उभी कोण मानेल? त्यामुळं माणसानं बांधलेलं, नांगरलेलं, रांगेत लावलेलं जे जे आहे ते कसुतीला द्यायचं आणि वेलबिल जे मनाला येईल तसं जातं ते साखळी टाक्याला नाहीतर उलट्या टिपेला, अशी मी वाटणी करून टाकलीय.

वेलावरून आठवलं, दोडका. परड्यात मांडवावर दोडक्याचा वेल सोडलेला असतो आणि सकाळी कामं आवरून निवांत फूल बघायला जावं तर सगळी मिटलेली. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. म्हणजे ते भरायचं तर दिवेलागणीच्या आधी, उजेड आहे तोवर, मांडवाखाली मान वर करून उभं राहायचं आणि डास चावून घ्यायचे. पाच पाकळ्या, पिवळा रंग पण झेंडूचा नव्हे, झेंडूत तांबूस झाक असते, हा लिंबाकडं झुकणारा. पाकळीवर शिरा दिसतात, त्या त्याच पिवळ्याच्या एक नंबर गडद दोऱ्यानं, एक पदरी. काठ सरळ कापल्यासारखा नसतो, चुणीदार असतो, तो मी आत दुमडतच नाही, मोकळा सोडते, पातळ केंब्रिक असलं की धुतल्यावर आपोआप चुरगळतो आणि खरा दिसतो.

आणि तणावे! काकडीचा घ्या, तो साधा एकेरी असतो. त्यानं काठीला मिठी मारली की मग तो स्प्रिंगसारखा गुंडाळत वेलाला जवळ ओढतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पण हे भरायला घेतलं तेव्हा भिंग घेऊन नीट बघितलं तर अर्धा तणावा एका बाजूला गुंडाळलेला आणि मध्ये एक सरळ तुकडा सोडून पुढचा अर्धा उलट्या बाजूला. दोन्ही टोकं अडकलेली असल्यावर एकाच दिशेनं पीळ बसणारच नाही ना, म्हणून तो मधून दिशा बदलतो. नमुन्यांच्या पुस्तकात सगळे तणावे एकाच दिशेनं गोल गोल, गोंडस. इतकी वर्षं काकडीच्या कोशिंबिरी केल्या आणि ही गोष्ट मला सुईनं दाखवली.

लोकांना वाटतं पावसाळा म्हणजे घरात बसून शिवायचे दिवस. शहरातल्या आमच्यासारख्यांना असेल. शेतावरच्या बाईला पावसाळ्यात भांगलण असते, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद घेऊन दिवसभर चिखलात, कुठली सुई आणि कुठला दोरा. वाकळ शिवायची ती सुगी आटोपल्यावर, उन्हाळ्यात. जुनी लुगडी, धोतरं धुवून कडक वाळवायची, अंगणात पसरायची आणि दोघी तिघी चारी बाजूंनी बसायच्या. पावसाळ्यात शिवलेली वाकळ आतल्या आत कुबट राहते. खानापूर आणि पलीकडं हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका शिवतात ती कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, कधी जवळून बघायला मिळाली तर बघा. त्या तुकडे आधी जोडून घेत नाहीत, कडेपासून सुरू करतात आणि एकेक तुकडा दुमडून लावत गोल गोल आत मध्यापर्यंत येतात, धावदोराही तसाच कडेकडेनं आत येत जातो. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचं एकेक त्रिकोणी फूल, ते नसलं तर कवंदी नागडी म्हणतात. कुठल्याही झाडाची नक्कल नाही, पण त्या रंगांच्या तुकड्यांकडं बघताना पाचोळ्यानं भरलेलं रान मला दिसतं, बाकीच्यांना काय दिसतं ते त्यांचं ते जाणोत.

कापडाचा प्रश्न आपल्याकडं कधीच नसतो, कारण ब्लाऊजपीस. हळदीकुंकवात ओटीत आलेले, पुढच्या हळदीकुंकवात दुसऱ्याला दिलेले, फिरून आपल्याच घरी परत आलेले. त्यातले नव्वद टक्के पॉलिस्टर, त्यांची घडी बोटानं दाबून बसत नाही आणि पाकळी करायला घेतली की कडेचे धागे पळतात. सुती आहे का बघायचं तर एक धागा काढून जाळायचा, कागद जळल्यासारखा वास आणि राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर सरळ पुढच्या ओटीला. शहापूर, वडगावला विणकरांची वस्ती आहे, ओळख असली तर तिथं काठाचे उरलेसुरले तुकडे मिळतात, ते मात्र सोन्यासारखे जपावेत. खणाच्या पर्स, खणाची तोरणं, खणाचे कानातले हे आता इतकं झालंय की गुळेदगुड्डचा तो चांगला खण बिचारा चोळीवर कमी आणि मोबाईलच्या पिशवीवर जास्त दिसतो. मी खण फक्त पानांना वापरते, हिरवा, आणि तोही उलट्या बाजूनं, पानाची पाठ जरा फिकट असते ना.

थंडीत धुकं असतं, ते मला शिवता येत नाही आणि शिवायचंही नाही. पांढरी नेट लावून धुकं करतात लोक, मला ते मच्छरदाणीसारखं वाटतं. त्यापेक्षा मसूर, वाटाण्याची शेंग, शेवंती. उन्हाळ्यात करवंदं, फळापेक्षा काटा भरायला मजा येते, जोडीजोडीनं असतो आणि कधी टोकाला फुटलेला. मेमध्ये खानापूरकडच्या बायका पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन शनिवारच्या बाजाराला येतात, तो द्रोणच एकदा करायचाय, त्याच्या काड्यांच्या टाचणीसकट.

सध्या मात्र हातात भुईमूग आहे. शेजारच्या अक्का, घर कानडी पण मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात, त्यांनी मिक्सरवर घालायला कव्हर मागितलं. मी हौसेनं भुईमुगाची पिवळी नाजूक फुलं काढून दाखवली तर म्हणाल्या, "फुलं कशाला गे, शेंगा काढ की! फुलं कोण खातंय?" मग कापडाच्या मधोमध आडवी विटकरी पट्टी लावली, ती जमीन. वर पानं आणि फुलं, त्या फुलांच्या देठापाशी सुटलेल्या आऱ्या खाली पट्टीत घुसवल्या आणि पट्टीच्या खाली शेंगा, कारण भुईमूग फुलतो वर आणि फळतो मातीत, हे दाखवायला कापडासारखी सोय नाही, चित्रात माती खोडून दाखवावी लागते, इथं पट्टी उचलली की खाली शेंग. शेंगेला दोन कप्पे, आत थोडा कापूस, वरून जाळीदार टाके. अक्कांनी पट्टी उचलून बघितली, शेंगा मोजल्या, आणि एका शेंगेत तीन दाणे कर म्हणाल्या, आमच्या रानात तीनदाणीच लावतोय. ते झालं की कव्हर त्यांच्याकडं जाईल, मिक्सरवर चढेल, आणि शेंगाचटणी करताना दर वेळी उतरवून बाजूला ठेवताना त्याला लसणाचा आणि तिखटाचा हात लागणारच आहे, म्हणून लाल पट्टीचा रंग जातो का ते मी मिठाच्या पाण्यात दोनदा भिजवून आधीच बघून ठेवलंय.